पुणें शहराच्या जुन्या पेठांतील भाड्याचीं बिऱ्हाडें व त्यांचे कागद

सनदा, वतनपत्रें, महजर, निवाडपत्रें आणि राजकारणाचीं पत्रें यांवर संशोधकाची दृष्टि प्रथम जावी हें स्वाभाविक आहे. परंतु शहराचा इतिहास केवळ घरें बांधणाऱ्यांचा नसतो. दुसऱ्याच्या घरांत राहून ज्यांनीं आयुष्य काढलें त्यांचाहि असतो. पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, शुक्रवार इत्यादि पेठांतील वाड्यांत मालकाच्या एका कुटुंबाशेजारीं बिऱ्हाडकरूंचीं अनेक कुटुंबें पिढ्यानुपिढ्या नांदलीं. त्यांच्या वास्तव्याचा लेखी पुरावा म्हणजे भाडेचिठ्ठ्या, कबुलायती, पावत्या, मालकाच्या वसुलीच्या वह्या, नोटिसा आणि दाव्यांचे कागद. हे कागद सहसा कोणी संग्रहीं ठेवीत नाहीं. वाडा पाडण्याचें ठरलें कीं ते रद्दींत जातात. सबब पेठेंतील भाड्याच्या वहिवाटीचें स्वरूप, तिचे कागद वाचण्याची रीत, आणि ते जतन करतांना पाळावयाचा विवेक, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) शास्त्रांतील आधार

'भाडें' हा शब्द संस्कृत 'भाटक' शब्दाशीं संबद्ध आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत घरभाड्यास 'अवक्रय' अशी संज्ञा असून तिसऱ्या अधिकरणांत वास्तूच्या प्रकरणीं त्याचे नियम थोडक्यांत पण नेमके दिले आहेत. राहूं नको म्हणून सांगितल्यावरहि जो राहतो त्यास बारा पण दंड. आणि भाडें देणाऱ्यास जो मालक घालवून देतो त्यासहि तितकाच दंड. मात्र भाडेकऱ्याकडून पारुष्य, चोरी, साहस, संग्रहण किंवा मिथ्याभोग यांपैकीं एखादा अपराध घडला असेल तर त्यास काढण्यांत मालकास दोष नाहीं. भाडेकरी आपण होऊन निघाला तर त्यानें वर्षाच्या भाड्याची उरलेली रक्कम द्यावी, असेंहि सांगितलें आहे. दोन्ही पक्षांस दंड सारखाच ठेविला आहे, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुढील काळांतील भाड्याचे कायदे याच दोन पारड्यांत कधीं इकडे तर कधीं तिकडे झुकले.

नारदस्मृतींत भाड्यास 'स्तोम' म्हटलें आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून जो स्तोम देऊन राहतो त्यानें निघतांना आपलें गवत, लांकूड, विटा न्याव्या. जो कांहीं न देतां राहिला त्यानें तें सर्व मालकास सोडावें, असा तेथील निर्णय आहे. भाडें देऊन राहणारा आणि आश्रित म्हणून राहणारा यांतील हा भेद पुण्याच्या वाड्यांचा इतिहास समजण्यास फार उपयोगी आहे.

संग्राहकांनीं येथें आणखी एक गोष्ट मनांत आणावी. ज्या अर्थशास्त्रावरून आपण हे नियम सांगतों तें कित्येक शतकें केवळ इतर ग्रंथांतील उल्लेखांवरून ठाऊक होतें. तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें ग्रंथलिपींतील पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास आणून दिली. तेथील शामशास्त्री यांनीं तिचें महत्त्व ओळखलें आणि १९०९ सालीं ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. देणाऱ्या पंडिताचें नांव मात्र इतिहासानें राखलें नाहीं. कागद वांचला आणि त्याच्या घराची ओळख पुसली गेली, असा हा प्रकार आहे.

(२) पेशवाईंतील वस्ति

पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे तोडणें, जागांच्या खरेदीविक्रीवर देखरेख ठेवणें आणि शहरांत कोण आलें व कोण गेलें याची खबर ठेवणें हीं कामें असत. अर्थशास्त्राच्या नागरकप्रकरणांतहि घरधन्यानें आल्यागेल्याची वर्दी द्यावी असा नियम आहे. आणि आज घरमालकास नव्या भाडेकऱ्याची माहिती पोलिसांकडे कळवावी लागते. परक्या माणसास घरांत घेणें ही केवळ घरगुती बाब नाहीं, ही समजूत इतकी जुनी आहे.

त्या काळचे कागद पाहणाऱ्यास पेठांचीं जुनीं नांवें ठाऊक असावीं. शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, मंगळवार म्हणजे अष्टापूर आणि बुधवार म्हणजे मुहियाबाद. हीं नांवें न कळल्यामुळें पुण्याच्या घराचा कागद परगांवचा समजून बाजूस पडण्याचा संभव असतो.

वाड्यांत धन्याच्या कुटुंबाखेरीज कारकून, शागीर्द, उपाध्ये, विद्यार्थी, दूरचे आप्त अशीं माणसें राहत. यांतील पुष्कळांचें राहणें नोकरीचा, आश्रयाचा किंवा धर्माचा भाग होतें. तें स्तोम देऊन राहणें नव्हे. म्हणून पेशवाईंतील दप्तरांत घरजागेच्या देणग्यांचे व खरेदीखतांचे कागद सांपडतात, पण एकेका खोलीच्या भाड्याचे कागद उत्तरकाळाच्या मानानें विरळ दिसतात. तेवढ्यावरून त्या काळीं भाडेकरी नव्हते असें अनुमान काढणें योग्य होणार नाहीं. लहान व्यवहार तोंडी चालतो, आणि तोंडी व्यवहार दप्तरांत येत नाहीं.

(३) १८१८ नंतर वाड्यांची वांटणी

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें आणि पुढील वर्षीं पेशवाई संपली. दरबारावर ज्यांचें पोट होतें त्यांचीं उत्पन्नें आटलीं. वाडे मात्र तितकेच मोठे राहिले. तुळया, पाट्या, कौलें, हौद यांची निगा राखण्यास पैसा लागे. दुसऱ्या बाजूनें, १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, १८५८ सालीं मुंबईची आगगाडी पुण्यास येऊन पोंचली, १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. शिक्षक, कारकून, वकील, विद्यार्थी यांस राहण्यास जागा हवी होती आणि वाडेवाल्यास पैसा हवा होता. या दोन गरजांतून पेठेंतील बिऱ्हाडाची पद्धति रुजली.

वाड्याची रचना तिला अनुकूल होती. दोन खांबांमधील अंतर तो खण. खोलीचें मापहि 'दोन खणांची', 'तीन खणांची' असेंच सांगत. चौकाभोंवतींचे सोपे फळ्या किंवा कुडाच्या भिंती घालून तोडले, माडीस वेगळा जिना दिला, आणि जेथें एक चूल होती तेथें पांच-सहा चुली पेटूं लागल्या. चौक, विहीर, पुढें नळ आणि शौचकूप हीं सामायिक राहिलीं. सामायिक वस्तूंच्या वापराचे नियम लेखांत क्वचितच येत. पण तंटा झाला म्हणजे नेमके तेच नोटिशींत व दाव्यांत उतरत. जिन्याखालीं लांकडें कोणीं ठेवावीं, नळावर पहिली घागर कोणाची, रात्रीं दिंडीदरवाजा किती वाजतां बंद व्हावा, हें सर्व जाणण्यास दाव्याच्या कागदांसारखें साधन नाहीं.

या वस्तीवर दोन मोठीं संकटें आलीं. १८९७ च्या प्लेगांत घरांच्या झडत्या झाल्या आणि पुष्कळ कुटुंबें शहराबाहेर झोपड्यांत राहावयास गेलीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेकांठच्या पेठांत पाणी शिरून शेंकडों घरें पडलीं. ज्या वाड्यांत पाणी आलें तेथील तळमजल्यावरचे कागद बहुधा गेले, माडीवरचे वांचले. म्हणून नदीजवळच्या पेठेंतील एखादें दप्तर हातीं आलें तर तें वाड्याच्या कोणत्या भागांतून निघालें हें अवश्य विचारावें. दप्तर १९६१ नंतरचेंच कां, किंवा त्यापूर्वींचें असून कोरडें कां, याचें उत्तर त्यांतच असतें.

(४) कायद्यानें गोठविलेलें भाडें

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, मुंबई इलाख्यांत भाड्यास आळा घालणारा पहिला कायदा झाला. त्यानंतर १९३९ व १९४४ सालीं असे कायदे झाले, आणि १९४७ चा कायदा अर्धशतक टिकला. त्यांतील मुख्य कल्पना 'प्रमाण भाडें' ही होय. १ सप्टेंबर १९४० रोजीं जागेचें जें भाडें असेल तें प्रमाण मानावें, आणि त्या दिवशीं जागा भाड्यानें दिलेली नसेल तर तिचें पहिलें भाडें धरावें, असा सर्वसाधारण नियम होता. नियमित भाडें भरणाऱ्यास कायद्यांत सांगितलेल्या कारणांखेरीज काढतां येत नसे, आणि त्याच्या मागें त्याच्या कुटुंबीयासहि संरक्षण मिळे.

युद्धकाळांत व फाळणीनंतरच्या गर्दींत या कायद्यानें असंख्य कुटुंबांस रस्त्यावर येऊं दिलें नाहीं, हें निर्विवाद आहे. पण वस्तूंचे भाव चढत गेले आणि भाडें तेथेंच थांबलें. महिन्याच्या भाड्यांत एक गाडी कौलेंहि येईनात तेव्हां मालकानें दुरुस्ती सोडली. घर आपलें नाहीं म्हणून भाडेकऱ्यानेंहि ती केली नाहीं. वारस वाढले, हिस्से वाढले, आणि पावसाळ्यागणिक एकेक भिंत बसली. वाडा पडण्यास एकटा मालक किंवा एकटा भाडेकरी कारण नव्हता. दोघांसहि जपावेंसें वाटूं नये अशी व्यवस्था होऊन बसली होती.

१९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें गोठविलेलें भाडें काळाच्या ओघांत अवाजवी झालें असा निर्णय दिला. पुढें महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें जुन्या भाडेकऱ्याचें संरक्षण ठेवून मालकास दरसाल चार टक्के वाढ घेण्याची मुभा दिली, आणि नवा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असें ठरविलें. तो तसा करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें.

परिणामीं सांप्रत एकाच वाड्यांत दोन प्रकारचे रहिवासी दिसतात. एक जुना संरक्षित भाडेकरी. याचें भाडें अल्प, पण हक्क बळकट. दुसरा बहुधा अकरा महिन्यांच्या परवान्याच्या करारानें राहणारा; याचें भाडें बाजारभावाचें, आणि मुदत संपली कीं जागा सोडणें भाग. सदाशिव व नारायण पेठांत स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी खोली नव्हे तर एक खाट भाड्यानें घेतात, त्यास 'कॉट बेसिस' म्हणतात. माजघराची खोली झाली आणि खोलीची खाट झाली. वांटणीची जी रीत १८१८ नंतर सुरू झाली तिचाच हा शेवटचा भाग होय.

(५) कागद कसे वाचावे

भाड्याच्या कागदांचा काळ ठरविण्यास कांहीं साध्या खुणा आहेत. जुन्या चिठ्ठ्या मोडींत असत. बालबोध हळूहळू आली, आणि वसुलीच्या वहींत तर जुन्या पिढीच्या कारकुनाची मोडी बरींच वर्षें टिकली. नाण्यांची खूण अधिक नेमकी आहे. ३१ मार्च १९५७ पर्यंत रुपये, आणे, पै; १ एप्रिल १९५७ पासून नये पैसे; आणि १९६४ पासून नुसते पैसे. साडेसात रुपये भाड्याची खोली घेतली तर तिच्या पावत्यांवर प्रथम सात रुपये आठ आणे, मग सात रुपये पन्नास नये पैसे, आणि त्यानंतर सात रुपये पन्नास पैसे असें दिसेल. भाडें तेंच राहिलें आणि लिहिण्याची रीत तेवढी बदलली. गोठविलेल्या भाड्याचा याहून बोलका पुरावा नाहीं.

पावतीवरील तिकिटाविषयीं एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. १८९९ च्या मुद्रांक कायद्याप्रमाणें वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचें तिकिट लागे. पेठेंतील बहुतेक खोल्यांचें भाडें पूर्वीं या मर्यादेच्या आंत असे. त्यामुळें पावतीस तिकिट नाहीं म्हणून ती बनावट, असा तर्क करूं नये. उलट लहान भाड्याच्या पावतीस तिकिट असेल तर ती कित्येक महिन्यांच्या तुंबलेल्या भाड्याची आहे काय हें पाहावें.

मनीऑर्डरीचे परत आलेले कागद हें तिसरें साधन. मालकानें भाडें घेण्याचें नाकारलें, म्हणजे थकबाकीचा ठपका येऊं नये म्हणून भाडेकरी तें टपालानें पाठवी. 'घेण्यास नकार' असा शेरा पडून तें परत येई. असे कागद ओळीनें सांपडले तर त्या घरांत दावा सुरू होता किंवा होऊं घातला होता असें समजावें. त्यांच्या जोडीस शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या व नोटिसा ठेवून पाहिल्या म्हणजे एका खोलींत कोण, केव्हांपासून, किती माणसांसह राहिलें याची मालिका जुळते. मालकाच्या वहींत भाडेकऱ्याच्या नांवापुढें धंदाहि लिहिलेला असेल, तर ती वही म्हणजे त्या आळीची खानेसुमारीच होय.

येथें पुराव्याच्या कायद्यांतील एक तत्त्व संशोधकानेंहि आपलेसें करावें. तीस वर्षांचा जुना कागद योग्य ताब्यांतून हजर झाला तर त्यावरील सही व अक्षर खरें मानण्याची मुभा न्यायालयास १८७२ च्या कायद्यानें होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि ती आहे. 'योग्य ताबा' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. जुन्या बाजारांत किलोच्या भावानें घेतलेल्या पावत्यांस अक्षर असतें, पण ताबा नसतो. ज्या घरांत त्या होत्या त्या घराचा नंबर, ज्या फडताळांतून निघाल्या तें फडताळ, ज्यानें दिल्या त्याचें भाडेकरी किंवा मालक म्हणून नातें, एवढें एका चिठोऱ्यावर लिहून ठेविलें तर त्याच पावत्यांचें मोल दसपट होतें.

(६) संग्राहकाचा विवेक

आतां या विषयांतील सर्वांत नाजूक प्रश्न. जुन्या भाडेकऱ्याचा हक्क सिद्ध करणारा कागद पुष्कळ वेळां एकच असतो, तो म्हणजे पावत्यांचा गठ्ठा. मूळ चिठ्ठी आजोबांच्या वेळची, ती हरवलेली; करार कधीं झालाच नाहीं; उरल्या त्या तारेंत ओंवलेल्या पावत्या. वाड्याचा पुनर्विकास व्हावयाचा असतो तेव्हां नव्या इमारतींत त्यास जागा मिळणें न मिळणें बहुतांशीं याच गठ्ठ्यावर अवलंबून राहतें. आम्हांस जें इतिहासाचें साधन तें त्याचें छप्पर आहे. म्हणून व्यवहार पुरा होण्यापूर्वीं अशा पावत्या मागूं नयेत, विकतहि घेऊं नयेत. भाडेकरी भिडेस पडून देऊं लागला तरी परत कराव्या. फार तर त्याच्या घरीं बसून, त्याच्यासमोर, त्यांचे फोटो घ्यावे, आणि हयात माणसांचीं नांवें व तंटे यांची वाच्यता करूं नये.

परंतु करारावर सह्या झाल्या, नव्या जागेचा कागद हातीं पडला, कीं त्याच गठ्ठ्याची किंमत भाडेकऱ्याच्या दृष्टीनें शून्य होते. मालकाच्या वह्यांचीहि तीच गत. मग सामान हलविण्याची घाई सुटते. तांब्यापितळेचीं भांडीं, शिसवी खांब, कोरीव दारें यांस गिऱ्हाईक मिळतें. वह्या व पावत्या माळ्यावरच राहतात आणि मातीबरोबर जातात. सही झाली तेव्हांपासून पहार पडेपर्यंत जे थोडे दिवस असतात तेवढ्यांतच संग्राहकाचें काम आहे. आधीं गेलों तर अन्याय होतो आणि मागाहून गेलों तर हातीं कांहीं लागत नाहीं.

तो काळ साधावयाचा असेल तर ओळख पूर्वींची हवी. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ व मंडईखालून स्वारगेटपर्यंत जाऊं लागली आहे, आणि पेठांतील जागेचा भाव व पाडकामाचा वेग सर्वांच्या समोर आहे. आपल्या आळींत कोणत्या वाड्यास धोकादायक म्हणून नोटीस लागली, कोठें बोलणीं चाललीं आहेत, हें तेथील रहिवाशांसच प्रथम कळतें. यांत अकरा महिन्यांच्या करारानें राहणारा तरुणहि आला. त्यास घराविषयीं ममता नसते असें म्हणतात, पण माळ्यावर काय आहे हें पुष्कळदां त्यासच ठाऊक असतें.

अशा भाडेकऱ्यास दोन शब्द त्याच्या हिताचेहि सांगावे. खोली घेण्यापूर्वीं देणाऱ्याचा वाड्यांतील हिस्सा कोणता व इतर वारसांची संमति आहे काय, हें मालमत्ता पत्रकावरून पाहावें. इमारतीस महानगरपालिकेची नोटीस आहे काय हें विचारावें. करार नोंदवून घ्यावा, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी; ती देणें मालकावर कायद्यानें बंधनकारक आहे. आतां करार संगणकावर नोंदला जातो आणि भाडें बँकेंतून परस्पर जातें. त्यामुळें ओंवून ठेवण्याजोगा कागद पुढील पिढीस मिळणार नाहीं. पावत्यांचे जे गठ्ठे माळ्यांवर उरले आहेत ते त्या जातीचे शेवटचे होत.

आमची वाचकांस विनंति एवढीच, कीं प्रत्येकानें आपल्या परिचयाचा एकेक वाडा निवडावा. त्याचा पेठ-नंबर, चौक व खण, सांप्रतचे मालक-भाडेकरी, आणि माळ्यावर, फडताळांत, देवघरांत काय कागद आहेत, यांची एक पानभर यादी तयार करावी. कागद हलवूं नयेत, फक्त नोंदवावे. यादीवर तारीख घालून ती संस्थेच्या दप्तरीं पाठवावी. मग सह्या झाल्याची बातमी येईल त्या दिवशीं कोणाचें दार ठोठवावयाचें हें आपणांस आधींच ठाऊक असेल.